चौदा ऑक्टोबर आणि घरातला संगणक



चौदा ऑक्टोबर म्हटले की आपल्या घरातल्या शाळकरी लेकरालासुद्धा नागपूर आठवते. १९५६ साली त्या दिवशी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बुद्धधम्म स्वीकारला. चौदा जानेवारी म्हटले की आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला विद्यापीठाची कमान आठवते. १९९४ साली त्या दिवशी मराठवाडा विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव आले. या दोन तारखा आपण कॅलेंडर न बघता सांगतो.

आता एक गंमत सांगते. 'विंडोज ७' या प्रणालीची देखभाल कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजी बंद केली आणि 'विंडोज १०' ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. यात शकुन-अपशकुन काही नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनी आपल्या दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पाठवते आणि जुन्या प्रणालीला निरोपही बहुधा त्याच वारी देते. ते दोन मंगळवार आपल्या तारखांवर आले, इतकेच. योगायोगाला योगायोग म्हणावे, ही शिकवण आपल्याला धम्मानेच दिली आहे. पण तारीख लक्षात ठेवायला हा योगायोग उपयोगी पडतो, आणि या तारखेने आमच्या लोह्यातल्या एका घरात बरीच धांदल उडवली होती. आजचा विषय तोच.

आमच्या गल्लीत एक कुटुंब आहे. वडील बाजार समितीत हमाली करतात, आई रोजंदारीने शेतात जाते. थोरला मुलगा चाकणला कंपनीत आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा-कॉलेज मोबाईलवर आले, तेव्हा बहिणीचे हाल बघून त्याने तिकडून एक वापरलेला संगणक घेतला आणि गावी येताना पोत्यात गुंडाळून आणला. त्या संगणकावर मुलगी बारावी झाली, बी. ए. ला लागली, शिष्यवृत्तीचे अर्ज भरले, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सुरू केला. गल्लीतल्या निम्म्या घरांचे अर्जही त्याच संगणकावर भरले जातात.

२०२५ च्या दिवाळीआधी पडद्यावर एक इंग्रजी सूचना वारंवार येऊ लागली. प्रणालीची मुदत संपत आहे, आणि हा संगणक नव्या 'विंडोज ११' साठी पात्र नाही. मुलगी घाबरली. वडिलांनी संगणक सायकलला बांधून एका दुकानात नेला. दुकानदाराने आत बघितलेही नाही. म्हणाला, "हा आता भंगार. चौदा तारखेनंतर चालणार नाही. नवा घ्या, पस्तीस हजार. हप्ते पाडून देतो."

संध्याकाळी तिची आई माझ्याकडे आली. पदराने घाम पुसत ओसरीवर बसली.

"बाई, बचत गटातून उचल घ्यावी म्हणते. नाही तर पोरीचा अभ्यास बुडतोय. काय करावं?"

मी म्हटले, "माय, आधी चहा घे. उचल घ्यायची की नाही ते संगणक उघडून बघितल्यावर ठरवू. कोणी सांगितलं म्हणून ते खरं, असं आपण कधीपासून मानायला लागलो? कालामांना भगवंतांनी काय सांगितलं होतं? पारखून घ्या."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही तिघी संगणकापुढे बसलो. जे पारखले ते इथे मांडते, कारण असा संगणक आज आपल्या कितीतरी घरांत असेल.

मुदत संपली म्हणजे काय झाले?

संगणकाचे यंत्र वेगळे आणि त्याची प्रणाली वेगळी. यंत्र म्हणजे घराच्या भिंती आणि भांडीकुंडी. प्रणाली म्हणजे त्या घरातली कारभारीण. कोणते काम आधी, कोणाला किती जागा, कोणती वस्तू कुठल्या कोनाड्यात, हे सगळे ती बघते. विंडोज ही अशी कारभारीण. 'विंडोज १०' २९ जुलै २०१५ रोजी आली, 'विंडोज ११' ५ ऑक्टोबर २०२१ रोजी.

मुदत संपली म्हणजे चौदा तारखेला रात्री बारा वाजता संगणक बंद पडला, असे नाही. आपल्याकडच्या माळवदाची गोष्ट घ्या. दरवर्षी मृगाआधी माळवदावर माती टाकतात, भेगा बुजवतात. एखाद्या वर्षी माती टाकणारा म्हणाला, 'आता मी येणार नाही', तर घर त्या दिवशी पडत नाही. पण पुढच्या पावसात कुठून गळेल, सांगता येत नाही. प्रणालीतही भेगा सापडत राहतात. चोर त्या शोधतात आणि कंपनी बुजवते. मुदत संपली की चोरांचे शोधणे चालू राहते, बुजवणे थांबते.

ही भीती पोकळ नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्राम जगभर पसरला. दीडशेहून अधिक देशांतले संगणक त्याच्या तावडीत सापडले. तो सगळ्या फायलींना कुलूप घालायचा आणि किल्लीसाठी खंडणी मागायचा. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांची कामे त्याने अडवली. आणि लक्षात घ्या, ती भेग बुजवणारी दुरुस्ती कंपनीने त्याच्या आधी दोन महिने, मार्च २०१७ मध्ये दिलेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, ते बुडाले.

म्हणजे दुकानदाराचे 'चालणार नाही' हे म्हणणे खोटे, पण 'काही करायची गरज नाही' हेही खोटे. सत्य मधे आहे.

आधी प्रत, मग सगळे

आता मधेच माझी एक जखम उघडी करते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

माझे वडील थोडे शिकलेले, पण बोलायला लागले की ऐकत राहावे असे. १९७८ च्या जुलैमध्ये विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात गावोगाव आपल्या वस्त्या पेटल्या, ते दिवस त्यांनी बघितले होते. आपल्याच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्या आगीत हुतात्मा झाले. पुढच्या वर्षी नागपूरहून लाँग मार्च निघाला, तेव्हा आपल्या वस्तीतून कोण गेले, कोणाला अटक झाली, कोणाच्या घरी भाकरी भाजल्या, हे सगळे वडील सांगत आणि मी संगणकावर टंकत असे. सत्तरएक पाने झाली होती. मग वडील गेले.

२०१४ च्या एप्रिलमध्ये 'विंडोज एक्सपी' ची मुदत संपली. मी संगणक एका दुकानात दिला आणि 'नवीन विंडोज टाकून द्या' म्हणाले. परत आला तो चकाचक होऊन. पडद्यावर नवे चित्र होते आणि माझी एकही फाईल नव्हती. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, सी ड्राइव्ह फॉरमॅट केला. तुमचं काही होतं का त्यात?" डेस्कटॉपवर ठेवलेले सगळे सी ड्राइव्हमध्येच असते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. छापून घेतलेली बावीस पाने तेवढी माझ्या ट्रंकेत आहेत. बाकीची वडिलांबरोबर गेली.

बाबासाहेब १९१७ साली लंडनहून परतले, तेव्हा त्यांचे सामान दुसऱ्या जहाजावर होते. महायुद्ध चालू होते. पाणबुडीने ते जहाज बुडवले आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. पैशाची भरपाई मिळते, कागदाची मिळत नाही. आणि दुसरे उदाहरण बघा. बाबासाहेबांच्या मागे राहिलेली हस्तलिखिते जपली गेली, त्यांच्या प्रती झाल्या, म्हणून १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाला त्यांचे ग्रंथ खंडाखंडाने काढता आले. कागद जपला तर पिढ्या वाचतात.

म्हणून संगणकाला हात लावण्याआधी प्रत काढायची. एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर आणि दुसरी दुसऱ्या घरी. दोन्ही प्रती एकाच कपाटात ठेवल्या तर पुरात दोन्ही जातात. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला यांच्या स्कॅन प्रती तर नक्की ठेवाव्यात. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्राने १९९० च्या कायद्याने दिला. त्या हक्कासाठी आपल्या माणसांनी चौतीस वर्षे वाट बघितली. त्याचे कागद एका फॉरमॅटमध्ये जाऊ देऊ नका. डिजिलॉकरवरही एक प्रत चढवून ठेवता येते.

त्या रविवारी मुलीच्या संगणकाची प्रत काढताना आम्ही डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स असे एकेक उघडत गेलो. डेस्कटॉपच्या कोपऱ्यात 'नवीन फोल्डर २' नावाचे एक फोल्डर होते. मुलगी म्हणाली, "हे काही नाही बाई, दादानं मोबाईल रिकामा करताना टाकलंय." मी म्हटले, उघड तर. आत तीन ध्वनिफिती होत्या. पहिली लावली आणि घरात तिच्या आजीचा आवाज आला.

आजी कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी गेली. तिला जात्यावरच्या ओव्या खूप येत. भीमाच्या, रमाईच्या, नांदेडच्या बाजाराच्या, माहेरच्या वाटेच्या. नातवाने कधीतरी मोबाईलवर धरून ठेवल्या होत्या आणि तो विसरून गेला होता. तिची आई दारात उभी होती. हातातली परात खाली ठेवून ती तिथेच बसली. तिन्ही फिती संपेपर्यंत कोणी बोलले नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवां या दोघांनी खेड्यापाड्यांतल्या बायांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यात बाबासाहेबांवरच्याही कितीतरी आहेत. मोठ्या लोकांनी ते मोल ओळखले. आपल्या घरातले मोल मात्र 'नवीन फोल्डर २' मध्ये पडलेले असते. दुकानात फॉरमॅट झाला असता तर कोणाला कळलेही नसते की काय गेले.

जुन्या फॉन्टचा खोडा

आणखी एक गोष्ट, जी इंग्रजी माहितीपत्रकात सापडणार नाही. युनिकोड रुळण्याआधी आपण सगळे मराठी शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी, सुरेख अशा फॉन्टमध्ये टंकत होतो. जयंतीच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, मंडळाच्या घटना, मोर्चाची निवेदने त्यातच आहेत. या फॉन्टची लबाडी अशी, की आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि वर मुखवटा मराठी. संगणक बदलला, फॉन्ट राहिला मागे, की फाईल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक खच दिसतो. लोक म्हणतात 'फाईल खराब झाली' आणि पुसून टाकतात. ती खराब नसते, फक्त तिचा मुखवटा हरवलेला असतो.

तेव्हा तीन गोष्टी करा. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये फॉन्ट्स नावाचे फोल्डर असते, त्यातले मराठी फॉन्ट प्रतीसोबत घ्या. दुसरे, जुनी फाईल जुन्या संगणकावर उघडून तिची पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये अक्षरांचा आकार सोबत जातो, त्यामुळे ती कुठेही वाचता येते. तिसरे, फुरसतीने तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार यांत ते चुकतात, म्हणून एकदा डोळ्यांखालून घालावे. हे काम सुट्टीत मुलांना द्या. मजकूर तपासता तपासता ती इतिहास वाचतील.

आपला संगणक पात्र आहे का?

प्रत झाली, आता पारख. विंडोजचे चिन्ह असलेले बटण आणि आर हे बटण एकदम दाबा. एक चौकट येते. तिच्यात डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही अक्षरे टंकली की कोणती विंडोज आहे ते कळते. 'विंडोज ११' साठी ६४ बिटांचा प्रोसेसर, निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. खरी अडचण प्रोसेसरची. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचे, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासूनचे, चालतात. कंपनीचाच 'पीसी हेल्थ चेक' नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो स्वच्छ सांगतो की पात्र आहे की नाही आणि नसेल तर कशामुळे.

इथे एक चकवा आहे. बऱ्याच संगणकांत टीपीएम असते, पण बंद करून ठेवलेले असते. त्याच चौकटीत टी-पी-एम, मग टिंब, मग एम-एस-सी टंकले की ते आहे की नाही दिसते. बंद असेल तर बायोसमध्ये जाऊन चालू करता येते. तेवढ्यासाठी नवा संगणक घेणारी माणसे मी बघितली आहेत.

संगणक पात्र असेल आणि 'विंडोज १०' अस्सल असेल, तर 'विंडोज ११' ला पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधून ती घेता येते आणि फायली, प्रोग्राम जागच्या जागी राहतात. दुकानदार 'फॉरमॅट करावाच लागेल' म्हणाला तर विचारा, का? मात्र हे लक्षात ठेवा:

उतरवायची फाईल पाच जीबीहून मोठी असते. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाईल पॅकवर ती अर्ध्यात अडकते. चांगले नेट असलेल्या ठिकाणी, कंपनीच्याच संकेतस्थळावरून, पेनड्राइव्हवर घ्या.

वीज. आपल्याकडे भारनियमनाची वेळ ठाऊक असते, ती टाळा. काम चालू असताना वीज गेली तर कारभारीण धड जुनी राहत नाही, धड नवी होत नाही. लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून वायर लावूनच बसा.

नवी प्रणाली पटली नाही, प्रिंटर चालेना, तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधूनच मागे जाता येते. म्हणून पहिल्या दहा दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, मराठी टंकन, सगळे वापरून बघा.

नव्या विंडोजमध्ये डिस्कला आपोआप कुलूप लागलेले असू शकते. त्याची ४८ आकडी किल्ली कंपनीच्या खात्यात असते. ती वहीत लिहून वही जपून ठेवा. किल्ली हरवली तर आपल्याच घराबाहेर आपण.

पात्र नसेल तर?

आमच्या गल्लीतला संगणक पात्र नव्हता. प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा, रॅम ४ जीबी. दुकानदाराचे तेवढे म्हणणे खरे निघाले. पण रस्ता संपला नव्हता.

पहिला रस्ता, जादा मुदत. घरगुती वापरकर्त्यांसाठी कंपनीने 'विंडोज १०' ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याचे जाहीर केले. त्यासाठी '२२ एच २' ही शेवटची आवृत्ती लागते आणि कंपनीचे खाते उघडावे लागते. सेटिंग्जची प्रत कंपनीकडे ठेवायला परवानगी दिली की पैसे पडत नाहीत, नाही तर ३० डॉलर. आम्ही विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन नोंदणी केली. पंधरा मिनिटे लागली. बचत गटाची उचल त्या पंधरा मिनिटांत टळली.

दुसरा रस्ता, दुकानात नाव काढले की कुजबुजत सुचवतात तो. "अकरा टाकून देतो ना, पात्र नसली तरी. क्रॅक आहे." यात दोन गोष्टी आहेत. अपात्र यंत्रावर पळवाटेने 'अकरा' चढवली तर पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची कंपनी हमी देत नाही. आणि क्रॅक म्हणजे कुलूप फोडून घेतलेली प्रणाली. फोडणाऱ्याने आत आणखी काय ठेवले, आपल्याला दिसत नाही. बहुतेक वेळा अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच काय ते समजा. पंचशीलातले दुसरे शील आपण दर रविवारी म्हणतो. न दिलेले घेणार नाही, हे संगणकालाही लागू आहे. आणि घ्यायची गरजही नाही, कारण तिसरा रस्ता मोकळा आहे.

तो रस्ता म्हणजे लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने या प्रणालीचा गाभा लिहिला आणि जगापुढे उघडा ठेवला. त्याआधी, १९८३ पासून, रिचर्ड स्टॉलमन यांनी मोकळ्या प्रणालीची चळवळ उभी केली होती. ज्ञान कुलूपबंद ठेवू नये, ज्याला शिकायचे त्याने उघडून बघावे, सुधारावे, दुसऱ्याला द्यावे, हा त्यामागचा विचार. ज्ञानाची दारे कोणासाठी बंद होती आणि ती कोणी उघडली, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. हा विचार ऐकला तेव्हा मला तो परका वाटला नाही. केरळच्या सरकारी शाळांतले संगणक याच मोकळ्या प्रणालीवर चालतात. आपल्या सी-डॅक संस्थेने 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स केली आहे. 'उबंटू', 'मिंट' या तिच्याच बहिणी. मिंटला २ जीबी रॅमही पुरते, ४ असेल तर बरे चालते.

आणि पारखण्याची सोय बघा. ती पेनड्राइव्हवर घालून संगणक तिच्यावरून सुरू करता येतो. डिस्कवरचे काही हलत नाही. आवडली तर ठेवा, नाही तर पेनड्राइव्ह काढा. इतकी मोकळी परीक्षा दुसरे कोणी देत नाही.

चौदा जानेवारीला थोरला मुलगा चाकणहून आला. येताना त्याने एक नवी एसएसडी आणि जुन्या बाजारातून ४ जीबी रॅम आणली. दोन्ही मिळून नव्या संगणकाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास खर्च आला. सकाळी विहारात नामविस्तार दिनाचे वंदन झाले आणि दुपारी भावंडे पेचकस घेऊन बसली. जुनी डिस्क पुसली नाही, 'विंडोज १०' सकट तशीच आत ठेवली. नव्या डिस्कवर मिंट चढवली. आधी सुरू व्हायला तीन-चार मिनिटे घेणारा संगणक अर्ध्या मिनिटात उघडला. वडील हमालीवरून आले, बघत राहिले, म्हणाले, "ह्यालाच भंगार म्हणला होता का त्यो?"

सगळे सुरळीत झाले असे मात्र सांगणार नाही. जुना प्रिंटर दोन दिवस रुसून होता. मराठी टंकनाची मुलीची सवय रोमन अक्षरांवरून टंकायची. इथे तिने इनस्क्रिप्ट शिकून घेतले, त्यात पंधरा दिवस गेले आणि बोटे अडखळली. आता ती म्हणते, आधीच शिकायला हवे होते, कारण हीच मांडणी सगळ्या प्रणालींत असते. वर्डऐवजी लिब्रेऑफिस वापरताना काही तक्ते इकडेतिकडे सरकतात. ज्यांना टॅलीवर काम करायचे आहे, किंवा ज्यांच्या परीक्षेचा सराव विंडोजवरच्याच प्रोग्राममध्ये आहे, त्यांनी घाईने लिनक्सकडे वळू नये. तिच्या संगणकात दोन्ही आहेत. सुरू करताना विचारतो, कोणती हवी. जुनी विंडोज ती आता फक्त जुन्या फॉन्टच्या फायलींसाठी, नेट बंद ठेवून उघडते.

शेवटचे दोन शब्द

आपल्या घरात संगणक आला तो कोणाच्या तरी जादा पाळीच्या पैशातून, कोणाच्या तरी बांगड्या मोडून. त्याला भंगार म्हणण्याचा अधिकार काउंटरमागच्या माणसाला देऊ नका. आपल्याला कळत नाही या लाजेने आपण प्रश्न विचारत नाही आणि न विचारलेल्या प्रश्नाची किंमत पस्तीस हजार होते. माझ्या बाबतीत ती किंमत अठ्ठेचाळीस पाने झाली. 'माझ्या फायली कुठे आहेत आणि तुम्ही त्यांचे काय करणार' हे एक वाक्य मी त्या दिवशी विचारले असते तर पुरे होते.

एक सुचवते. प्रत्येक विहारात महिन्यातून एका रविवारी, वंदनेनंतर तासभर, संगणक शिकलेल्या चार मुला-मुलींनी बसावे. ज्यांना प्रत काढायची, पात्रता बघायची, जुन्या फॉन्टमधली स्मरणिका वाचवायची, त्यांनी यावे. खर्च काही नाही, एक विजेचा बोर्ड आणि एक सतरंजी. आमच्याकडे ही मुलगी ते करते. आतापर्यंत तिने गल्लीतल्या कितीतरी घरांचे दाखले, फोटो आणि आवाज दोन-दोन ठिकाणी सुरक्षित केले आहेत. आजीच्या तीन फितींना तिने नाव दिले आहे, तारीख घातली आहे. एक प्रत चाकणला भावाकडे आहे आणि एक माझ्या ट्रंकेत, वडिलांच्या बावीस पानांशेजारी.

तुमच्या घरातले 'नवीन फोल्डर २' आज रात्रीच उघडून बघा.

जयभीम!